तेरा नर्स, तीन पाळ्या, अठ्ठावीस दिवस : सॉफ्टवेअर ड्युटी लिस्ट कशी लावतं

तीस खाटांचा एक मेडिकल वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. सकाळी ७ ते ३, दुपारी ३ ते ११ आणि रात्री ११ ते सकाळी ७ अशा तीन पाळ्या. सकाळी डॉक्टरांचा राउंड, ड्रेसिंग, डिस्चार्ज, तपासण्यांना पेशंट नेणं हे सगळं एकदम येतं, म्हणून ४ नर्स लागतात. दुपारी ३ पुरतात, रात्री २. या वॉर्डची महिन्याची ड्युटी लिस्ट लावायची म्हणजे इन्चार्ज सिस्टर पेन्सिल, खोडरबर आणि चौकटी आखलेला कागद घेऊन बसतात. २० तारखेपर्यंत सगळं जुळतं, मग कळतं की २१ च्या रात्रीला माणूसच उरलेला नाही. मग मागे जाऊन खोडायचं. एक घर बदललं की चार घरं बिघडतात.

हे काम सॉफ्टवेअर काही मिनिटांत करतं. पण लिस्ट चांगली निघते की वाईट, हे बटण दाबण्याच्या आधीच ठरलेलं असतं. माणसं पुरेशी आहेत का आणि इन्चार्जच्या डोक्यातले नियम कागदावर उतरलेत का, हे दोनच प्रश्न आहेत. सॉफ्टवेअर घेऊनही वैतागलेल्या रुग्णालयांनी बहुतेक वेळा यातलंच एक काम वगळलेलं असतं.

आधी माणसं मोजा

दिवसाला ४ + ३ + २ म्हणजे ९ ड्युट्या. आठवड्याला ६३. एक नर्स आठवड्यात ६ ड्युट्या करते, म्हणजे १०.५ माणसं. इथेच बरेच जण थांबतात आणि ११ जणांत वॉर्ड चालवू पाहतात.

आता नाइट ऑफ धरा. सलग ३ रात्री झाल्या की साप्ताहिक सुट्टीशिवाय एक दिवस नाइट ऑफ, असा नियम असेल तर आठवड्याच्या १४ रात्रींमागे साधारण ५ नाइट ऑफ होतात. ६३ अधिक ५ म्हणजे ६८, भागिले ६, म्हणजे ११.३३ माणसं. मग रजा. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या गेल्या की ३१३ उरतात. अर्जित, किरकोळ, आजारपणाची आणि सणांची मिळून ३० दिवस रजा धरली तर प्रत्यक्ष कामाचे दिवस २८३. म्हणून ११.३३ ला ३१३ नं गुणून २८३ नं भागायचं. उत्तर येतं १२.५३. म्हणजे १३ नर्स.

हे १३ ऐषारामाचे नाहीत. २८ दिवसांत तेरा जणींच्या, रजा वजा जाता, सुमारे २८२ ड्युट्या मिळतात. गरज २५२ ड्युट्यांची आणि साधारण १९ नाइट ऑफची, एकूण २७१. हातात उरतात ११. तेरा जणींतली एक सिस्टर २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेवर गेली की हेच ११ उणे १० होतात. मग कुठलंही सॉफ्टवेअर आणलं तरी ते एकतर ‘लिस्ट लागत नाही’ असं सांगेल, नाहीतर कुणाच्या तरी नावावर डबल ड्युटी टाकेल. म्हणून हा हिशेब वॉर्डनिहाय करून व्यवस्थापनासमोर ठेवावा. ‘माणसं कमी पडतात’ या तक्रारीपेक्षा ‘२८ दिवसांत १० ड्युट्या कमी पडतात’ हे वाक्य लवकर ऐकलं जातं.

एक खाच इथेच सांगायला हवी. हँडओव्हरसाठी, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या पाळीला सोपवण्यासाठी, दोन पाळ्या अर्धा तास एकमेकींवर चढवल्या की ड्युटी साडेआठ तासांची होते, आणि ६ ड्युट्यांचे ५१ तास होतात. अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी खरोखर मिळत असेल तर कामाचे तास ४८ च राहतात. पण रात्री दोनच जणी आहेत, एक सलाइन बदलतेय, दुसरी जेवायला गेली तर वॉर्ड मोकळा पडतो. अशा वेळी ती सुट्टी कागदावरच असते. सॉफ्टवेअरमध्ये ‘सुट्टी वजा करा’ ही खूण लावण्याआधी ती सुट्टी मिळते का, हे वॉर्डात जाऊन पाहा. आणि ज्या रुग्णालयांत सकाळ-दुपार ६-६ तासांची आणि रात्र १२ तासांची आहे, तिथे ड्युट्यांची संख्या मोजून चालणार नाही, तासच मोजावे लागतील.

सॉफ्टवेअर आत काय करतं

१३ नर्स आणि २८ दिवस म्हणजे ३६४ घरं. प्रत्येक घरात सकाळ, दुपार, रात्र किंवा सुट्टी असे चार पर्याय. एकूण किती प्रकारे हा तक्ता भरता येईल? तो आकडा २२० अंकी आहे. एकेक करून तपासणं जगातल्या कुठल्याही संगणकाला जमणार नाही.

म्हणून सॉफ्टवेअर प्रश्न वेगळा मांडतं. प्रत्येक घराचे तीन छोटे प्रश्न करतं : ही नर्स या दिवशी सकाळी आहे का, दुपारी आहे का, रात्री आहे का. उत्तर १ किंवा ०. असे १३ × २८ × ३ म्हणजे १,०९२ एक-शून्य. मग आपले सगळे नियम बेरजा होऊन जातात. ‘सकाळी चार जणी हव्यात’ म्हणजे त्या दिवसाच्या सकाळच्या १३ आकड्यांची बेरीज किमान ४. ‘एका दिवसात एकच ड्युटी’ म्हणजे एका नर्सच्या त्या दिवसाच्या तीन आकड्यांची बेरीज जास्तीत जास्त १. ‘रात्रपाळीनंतर लगेच सकाळ नको’ म्हणजे ५ तारखेची रात्र आणि ६ तारखेची सकाळ यांची बेरीज जास्तीत जास्त १.

नियम असे आकड्यांत आले की सुडोकूत होतं तसं होतं. ५ च्या रात्री एकीचं नाव पडलं की तिची ६ ची सकाळ आणि दुपार बंद, ६ ला दुसऱ्या कुणाला तरी उभं करणं भाग. एका निर्णयानं कितीतरी वाटा आपोआप बुजतात आणि जिथे पुढे रस्ताच नाही ती फांदी यंत्र अख्खी सोडून देतं. गणितज्ञ या कोड्यावर बरीच दशकं काम करत आहेत. २०१० मध्ये नर्सच्या ड्युट्या लावण्याच्या प्रोग्रॅमची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली होती. गूगलचं ‘ओआर-टूल्स’ हे मोफत साधन अशी कोडी सोडवतं आणि त्याच्या माहितीपत्रकात नर्सच्या ड्युटी लिस्टचंच उदाहरण सोडवून दाखवलेलं आहे.

विकत घेताना मात्र जपून. ‘रोस्टर’ नावाची बरीच ॲप्स तक्ता आखून देतात, मागच्या महिन्याची नक्कल करतात, सगळ्यांना मेसेज पाठवतात; पण लिस्ट स्वतः लावत नाहीत. डेमोच्या वेळी आपल्याच वॉर्डची १३ नावं, खऱ्या रजा आणि ‘रात्रीनंतर सकाळ नको’ हा नियम घाला आणि समोर लिस्ट लावून मागा. मग मुद्दाम दोन नावं काढून टाका. चांगलं सॉफ्टवेअर कुठल्या तारखेला, कुठल्या पाळीत, किती माणसं कमी पडली हे सांगतं. नुसतं ‘एरर’ दाखवणारं सॉफ्टवेअर घेतलंत तर महिनाअखेरीस पुन्हा पेन्सिलच हातात येईल.

आणि वॉर्ड लहान असेल, सात-आठ जणींचा, तर काही विकत घेऊ नका. एक्सेलमध्ये स, दु, रा, सु अशी अक्षरं घालून ‘काउंटइफ’ या मोजणाऱ्या सूत्रानं खाली पाळीवार आणि उजवीकडे माणसावार बेरजा लावल्या, आणि ‘रा’ नंतर ‘स’ आलं की घर लाल व्हावं अशी सोय केली, तर तेवढं पुरतं.

नियम दोन प्रकारचे

काही नियम मोडताच येत नाहीत आणि काही शक्यतो पाळायचे असतात. सॉफ्टवेअरला हा फरक आपण सांगावा लागतो, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

मोडता न येणाऱ्यांची यादी छोटी ठेवा. प्रत्येक पाळीत किमान माणसं, मंजूर रजा, आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी, तासांची मर्यादा, सलग किती रात्री, दोन ड्युट्यांमध्ये किमान किती विश्रांती, आणि प्रत्येक रात्री किमान एक अनुभवी नर्स. बस. उत्साहाच्या भरात ‘मीनलला बुधवारी दुपार नको’ हेही याच यादीत टाकलं की चार-पाच अशा विनंत्या मिळून लिस्ट अशक्य होते.

विश्रांतीचा आकडा किती ठेवावा? युरोपीय संघाच्या नियमांत २४ तासांमागे सलग ११ तास विश्रांती आहे, आणि तो आकडा आपल्यालाही उपयोगी आहे. रात्री ११ ला सुटलेली सिस्टर सकाळी ७ ला परत येते तेव्हा मध्ये ८ तास असतात. त्यात घरी पोचणं, जेवण, झोप, सकाळचा डबा आणि परतीचा प्रवास. झोप पाच तासही होत नाही आणि पुढचे आठ तास ती औषधांचे डोस मोजणार असते. ११ चा नियम घातला की दुपारनंतर लगेच सकाळ हे आपोआप बंद होतं. पाळ्यांचा क्रमही सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा ठेवा. झोप उशिरा ढकलणं शरीराला जमतं, अलीकडे ओढणं अवघड जातं.

कायद्यातले आकडे सूत्रात गाडून ठेवू नका, बदलता येतील अशा वेगळ्या रकान्यात ठेवा. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दिवसाची मर्यादा १० तास करायला आणि कारखान्यांसाठी ९ ची १२ करायला मंजुरी दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या. आपल्या आस्थापनेला आज कुठला आकडा लागू आहे हे कामगार सल्लागाराकडून लेखी घ्या, तारखेसकट. आणि कायदा परवानगी देतो तेवढे तास द्यायलाच हवेत असं कुठेही नाही. रुग्णालयानं आपली मर्यादा त्याहून कमी ठेवावी, हे आमचं स्पष्ट मत आहे.

शक्यतो पाळायच्या नियमांना गुण असतात. मागितलेला रविवार नाकारला तर दंड १०, दोन ड्युट्यांमध्ये एकटीच सुट्टी पडली तर ५, महिन्याच्या रात्री सरासरीपेक्षा जास्त झाल्या तर प्रत्येकी ८, असं काहीतरी. सॉफ्टवेअर एकूण दंड कमीत कमी येईल अशी लिस्ट शोधतं.

आणि इथे एक सापळा आहे. एकूण दंड कमी म्हणजे लिस्ट न्याय्य, असं नाही. चार विनंत्या मोडायच्याच असतील तर चौघींची एकेक मोडली काय आणि एकीच्याच चारही मोडल्या काय, बेरीज ४ च. यंत्राला दोन्ही सारखंच. महिनोन्‌महिने एकाच सिस्टरच्या वाट्याला रविवार आणि सणाच्या ड्युट्या येतात त्या अशा, कुणाचा आकस नसताना. उपाय सोपा आहे : दंडाचा वर्ग घ्यायला सांगा. एकेक मोडली तर १ + १ + १ + १ म्हणजे ४, एकीच्याच चार मोडल्या तर १६. आता यंत्र ओझं वाटून देतं. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय ‘समान वाटप’ अशा नावाखाली असते. ती सुरू आहे ना, ते पाहा.

समानता एका महिन्यात मोजू नका, सहा महिन्यांचा ताळा ठेवा. प्रत्येकीच्या नावावर रात्री, रविवार आणि सण असे तीन आकडे चालू राहावेत. सणांच्या पसंत्या वर्षाच्या सुरुवातीलाच घ्या. गौरी-गणपतीला आणि भाऊबीजेला कुणाला सुट्टी हवी, ईदला कुणाला, नाताळला कुणाला, हे एकत्र समोर आलं की बऱ्याच गाठी आपोआप सुटतात. नाताळला गावी जाणारी सिस्टर लक्ष्मीपूजनाला आनंदानं उभी राहते. आयत्या वेळी विचारलं तर तीच गोष्ट भांडणाची होते.

मध्यरात्रीचा घोटाळा

रात्रपाळी दोन तारखांवर पसरलेली असते. सिस्टर ५ तारखेला रात्री १०.५२ ला बोट लावते आणि ६ ला सकाळी ७.१० ला. हजेरीचं यंत्र कॅलेंडरच्या तारखेनं वाचत असेल तर ५ ला ‘आउट’ नाही आणि ६ ला ‘इन’ नाही, म्हणून दोन्ही दिवस अर्धे कापले जातात. यावर नियम एकच : ड्युटी ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेची. पाळी सुरू होण्याच्या २ तास आधीपासून ती संपल्यावर ४ तासांपर्यंतचे पंच त्याच ड्युटीला जोडावेत, असं सेटिंग करून घ्या. पगाराच्या माणसाला ३१ तारखेची रात्र कुठल्या महिन्यात धरायची हेही आधीच ठरवून द्या.

सुट्टीचंही तसंच. शेवटची रात्र ५ ला सुरू होऊन ६ ला सकाळी ७ ला संपली. लिस्टवर ६ ला ‘सु’ आणि ७ ला ‘स’ लिहिलं तर कागदावर एक सुट्टी दिसते. प्रत्यक्षात सिस्टरला बरोबर २४ तास मिळाले आणि त्यातला दिवस झोपेत गेला. म्हणून ६ हा नाइट ऑफ, ७ ही साप्ताहिक सुट्टी आणि ८ ला हजर. सॉफ्टवेअरमध्ये नाइट ऑफ ही सुट्टीपेक्षा वेगळी खूण हवीच. दोन्ही एकाच अक्षरानं लिहिल्या तर रात्रपाळी करणारीची साप्ताहिक सुट्टी दर वेळी गिळली जाते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

महिन्याचा सांधा हीही अशीच जागा. १ तारखेपासून लिस्ट लावताना सॉफ्टवेअरला आदल्या ७ दिवसांची खरी ड्युटी माहीत नसेल तर ३०-३१ ला रात्र केलेल्या सिस्टरला ते १ ला सकाळी बोलावतं. शक्य असेल तर लिस्ट सोमवार ते रविवार अशा चार आठवड्यांचीच लावा. साप्ताहिक सुट्टी आणि ४८ तास दोन्ही आठवड्यानं मोजले जातात, महिन्यानं नाही.

माणसांची नोंद

नावापुढे ‘नर्स’ एवढंच लिहून भागत नाही. शिक्षण, अनुभवाची वर्षं, व्हेंटिलेटर किंवा डायलिसिसवर काम केलंय का, नर्सिंग काउन्सिलच्या नोंदणीची मुदत कधी संपते, हे रकाने हवेत. नव्यानं रुजू झालेली सिस्टर पहिला महिना संख्येत धरू नका, जादाची म्हणून दाखवा. नाहीतर रात्री ‘दोन जणी’ म्हणजे एक अनुभवी आणि एक घाबरलेली, असं होतं.

इन्चार्जच्या डोक्यात याहून नाजूक गोष्टी असतात. कुणाला तिसरा महिना लागलाय, कुणाच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, कुणाची शेवटची एसटी साडेअकराला सुटते. या गोष्टी लिस्टमध्ये यायलाच हव्यात, पण कारणासकट नव्हे. सॉफ्टवेअरमध्ये ‘अमुक तारखेपर्यंत रात्र नको’ एवढंच जावं. कारण इन्चार्ज आणि मेट्रन (सगळ्या नर्सच्या प्रमुख) यांच्यापुरतं राहावं, कारण लिस्ट सगळ्यांच्या मोबाइलवर जाते.

लिस्ट लागल्यावर

किमान १४ दिवस आधी लिस्ट जाहीर करा. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं मोठ्या दुकानांना आणि हॉटेलांना असं बंधन घालणारा कायदा २०१७ मध्ये केला, कारण सॉफ्टवेअर गिऱ्हाइकांचा अंदाज घेऊन आयत्या वेळी माणसांचे तास हलवत होतं. ज्या यंत्रानं लिस्ट सोपी होते, तेच यंत्र माणसाचं आयुष्य असं लटकतं ठेवू शकतं.

जाहीर झालेली लिस्ट पुन्हा लावायची वेळ आली, तर नुसतं बटण दाबू नका. यंत्र सगळा तक्ता नव्यानं मांडेल आणि तेराही जणींचे बेत कोलमडतील. झालेले दिवस आणि पुढचे तीन-चार दिवस कुलूपबंद करा, उरलेल्यांत ‘बदल कमीत कमी’ यालाच मोठा दंड लावा. मग दोन-तीन घरं हलतात, बाकी जागच्या जागी राहतात.

अदलाबदल सॉफ्टवेअरमधूनच व्हायला हवी. व्हॉट्सॲपवर ‘माझी रात्र तू कर, तुझी सकाळ मी करते’ असं ठरतं, लिस्टवर जुनीच नावं राहतात, आणि त्या रात्री काही घडलं तर कोण ड्युटीवर होतं इथूनच प्रश्न सुरू होतो. पण अदलाबदलीचा अर्ज भरायला मोबाइलवर एक मिनिटाहून जास्त लागला तर सगळ्या जणी व्हॉट्सॲपवरच जातील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. नियमात बसणारी अदलाबदल आपोआप मंजूर व्हावी, फक्त विश्रांती, तास किंवा अनुभव यांत अडकलेली इन्चार्जकडे जावी.

पहिले दोन महिने हाताची लिस्ट आणि सॉफ्टवेअरची लिस्ट शेजारी शेजारी ठेवा. जिथे जिथे इन्चार्ज म्हणतील की ‘हे असं नाही चालणार’, तिथे तिथे एक न लिहिलेला नियम दडलेला आहे. तो लिहून घ्या, कुठल्या प्रकारचा ते ठरवा, आत घाला.

आणि पहाटे साडेपाचला फोन येतो, ‘ताप आहे, आज जमणार नाही.’ यासाठी रोज एक स्टँडबाय नाव लिस्टवरच हवं, आणि स्टँडबायचा भत्ता ठरलेला हवा. ती न मिळाल्यास दुसऱ्या वॉर्डातून, त्याच कामाचा अनुभव असलेली नर्स. रात्रीच्या सिस्टरला थांबवायचंच झालं तर बदली येईपर्यंत, जास्तीत जास्त दोन तास, तिला विचारून. ती ७ ऐवजी ९ ला सुटली की तिची पुढची ड्युटी ११ तासांच्या नियमात बसते का, हे सॉफ्टवेअरनं लगेच सांगावं, आणि जादा तासांचा मोबदला किंवा सी-ऑफ (बदली सुट्टी) त्याच दिवशी तिच्या खात्यावर चढावा.